बुधवारी रक्त, गुरुवारी गोळी

ती. बाबा आणि आई,
सा. न.

आधी सांगून टाकते, मग रागवा. आईच्या आमवाताच्या तपासण्यांसाठी यापुढे एकच लॅब ठरवली आहे आणि वर्षाचे पैसेही भरले. बाबा, कोपऱ्यावरच्या लॅबवाल्यांशी तुमची ओळख किती जुनी आहे ते मला ठाऊक आहे. त्यांना मीच फोन करीन, तुम्ही अवघडू नका. पण तुमची वही पाहिली आणि राहवलं नाही. मार्चचा सीआरपी, म्हणजे रक्तातला सुजेचा आकडा, ८, जूनचा दुसऱ्या लॅबचा १.१, आणि शेजारी तुमचा शेरा: 'छान उतार'. बाबा, ८ हे लिटरमागे मिलिग्रॅम आहेत, १.१ हे डेसिलिटरमागे. दहाने गुणलं की ११. उतार कुठला, चढच आहे. आकड्यापुढे एकक लिहायचं म्हणजे लिहायचंच.

ईएसआर, म्हणजे तांबड्या पेशी नळीत खाली बसण्याचा वेग, हाही सुजेचाच अंदाज. तो ४६ आला म्हणून मात्र रात्र जागू नका. बाईचं वय अधिक दहा, भागिले दोन, असा ढोबळ हिशोब असतो. आईच्या ६८ला ३९पर्यंत चालून जातं. त्यात तिचं हिमोग्लोबिन ९.८. रक्त कमी असलं की तांबड्या पेशी नळीत भराभर खाली बसतात आणि सांधे शांत असले तरी आकडा फुगतो. तो उतरायलाही आठवडे घेतो. सीआरपी यकृतात तयार होतो, सूज भडकली की काही तासांत चढतो, शमली की थोड्या दिवसांत खाली येतो. आणखी एक, ईएसआरचा नमुना बाहेर चार तासांहून जास्त राहिला तर आकडा खोटा कमी येतो. रात्रीच्या गाडीने नमुने शहरात पाठवणारी लॅब म्हणून नको. ही नवी तिथल्या तिथे करते.

आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी पुन्हा करायच्या नाहीत, कोणी पॅकेजात फुकट दिल्या तरी. निदानापुरतं त्यांचं काम झालं. आमवात आज किती पेटलाय ते त्या सांगत नाहीत.

आई, बुधवारी सकाळी आठला मुलगी घरीच येईल, जिना उतरायचा नाही. उपाशी बसू नकोस, चहा-पोळी खाऊन घे. बुधवारच का, तर तुझी आमवाताची आठवड्यातून एकदाची गोळी, मेथोट्रेक्सेट, गुरुवारी रात्री. गोळीनंतर एक-दोन दिवसांत रक्त दिलं तर यकृताचा आकडा, एसजीपीटी, उगाच वाढलेला दिसतो आणि डॉक्टर डोस कमी करून बसतात. त्याच नळ्यांत रक्तपेशींची मोजणी (सीबीसी) आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिनही होईल. फॉलिक अ‍ॅसिड शनिवारी. बाबा, मेथोट्रेक्सेटची पट्टी रोजच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवू नका, कपाटात ठेवा. चुकून रोज घेतली गेली तर रक्तपेशी घसरतात, जिवावर बेततं. इथे मी अजिबात ऐकणार नाही.

ताप, लघवीला जळजळ किंवा दाढेचा ठणका असेल तर बुधवार पुढे ढकला, सीआरपी त्यानेही वर जातो. आणि त्या आठवड्याची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

रिपोर्ट चांगला आला की 'आता डॉक्टर कशाला' असं म्हणशील, ते आधीच ओळखून आहे. आकडे नीट असूनही सांधे सुजलेले असू शकतात. बोटांच्या मुळाशी हलकेच दाबून बघ. झिजेचा सांधा टणक लागतो, आमवाताचा मऊ, फुगीर आणि जरा कोमट. डॉक्टर २८ सांधे मोजतात, त्यात पावलं धरत नाहीत. तेव्हा तळपायाचं दुखणं तू स्वतः बोलून दाखव, नेहमीसारखं गिळू नकोस. सकाळी मूठ वळायला किती वेळ लागला ते घड्याळ बघून सांग, बाबा लिहितील. 'जरा वेळ' नको, मिनिटं हवीत.

आणि माझ्या वेण्या करकचून घालणाऱ्या त्या बोटांनी बरणीची झाकणं उघडायची नाहीत. बाबांना हाक मार. ते पेपर खाली ठेवतील.

तुमची,
छकी