सराफ बाजारातल्या काकांना, दिवा बंद करायला शिकवल्याबद्दल

काका,
सा. न.

हे पत्र तुमची नात मोबाइलवरून तुम्हाला वाचून दाखवेल. असं चारचौघांत लिहितेय, कारण दुकानात येऊन आभार मानायला लागले की तुम्ही "चहा सांग" म्हणून विषयच बदलता.

मी पहिल्यांदा आले ती कागदांची गुंडाळी घेऊन. आर्किटेक्चर शिकलेली, आणि सिन्नरच्या गोंदेश्वराचं शिखर कानात घालायचं खूळ डोक्यात. भूमिज शैलीच्या शिखरावर छोट्या छोट्या शिखरांच्या उभ्या-आडव्या रांगा असतात, वर जाताना लहान होत गेलेल्या. मी त्या मोजूनमापून नऊ थरांत काढल्या होत्या. नाशकातल्याच दोघांनी कागद न्याहाळून "मशीनवर करून घ्या" म्हणत परत दिला होता. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात आणि विचारलंत, "हे घालणार कोण? कान की देऊळ?"

राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण भरीव चांदीचा तो पहिला जोड, एकेक नग 22 ग्रॅमचा, तुम्ही मला दिवसभर घालून बसवलंत. संध्याकाळपर्यंत कानाच्या पाळ्या लालबुंद. तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. दुसऱ्या दिवशी मीच नऊचे चार थर केले आणि भरीव सोडून पत्र्यावर आले.

पत्र्याने वेगळीच परीक्षा घेतली. दुसऱ्या थराला डाक, म्हणजे सांधा जोडणारा वितळता धातू, द्यायला आच लावली की पहिला सुटायचा. खालच्या थराला कडक डाक, वर जाल तसा मऊ, म्हणजे कमी आचेवर वाहणारा, हे तुम्ही सांगितलंत. आणि जुन्या सांध्यावर ओल्या गेरूचा लेप. सवागी, म्हणजे टाकणखार, लावाल तिथे डाक धावतो, गेरू लावाल तिथे अडतो. रांगोळीच्या डब्यातला गेरू! पाच वर्षांच्या शिक्षणात हे कुणी सांगितलं नव्हतं.

तरी तिसरा थर मी वितळवलाच. नीट बघत होते आणि बघता बघता त्याची गोळी झाली. तुम्ही उठलात, डोक्यावरचा दिवा बंद केलात आणि म्हणालात, "आता बघ." लख्ख उजेडात तापलेली चांदी कळतच नाही, अंधारात ती आधी मंद लाल होताना दिसते. शुद्ध चांदी 962 अंश सेल्सिअसला वितळते. माझी 925ची, म्हणजे 7.5 टक्के तांबं घातलेली, ती त्याच्या बरीच आधी धीर सोडते. आकडे मला पाठ होते. रंग तुम्ही दाखवलात.

शेवटी जोड झाला, पॉलिश झाला, आणि वर्ख लावलेल्या बर्फीसारखा दिसायला लागला. थर कुठे सुरू होतो, कुठे संपतो, पत्ता नाही. मला रडू यायचं बाकी होतं. तुम्ही म्हणालात, "सिन्नरला जाऊन ये. भर दुपारी नको."

सकाळी आठला पोचले. तिरपं ऊन होतं. तो काळा दगड मी कॉलेजात असताना कितीदा मोजला होता, पण मोजल्या होत्या त्या कडा. त्या दिवशी दिसल्या खाचा. प्रत्येक खाचेत सावली बसलेली, आणि त्या सावलीमुळे शिखर उभं. परत येऊन जोड गंधकाच्या पाण्यात काळा केला, मग फक्त वर आलेल्या कडा घासून उजळल्या. चांदीत सावली राहिली. तुम्ही तो हातात घेऊन खिडकीकडे धरलात, फिरवलात आणि "हं" म्हणालात. ते "हं" मी अजून जपून ठेवलंय.

तेवढ्या महिन्यांचे तुम्ही माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. म्हणून या पत्रापाठोपाठ नातीसाठी एक जोड पाठवतेय. एकेक नग 8 ग्रॅमचा, दिवसभर घातला तरी चालेल. डावीकडच्याचा तिसरा थर किंचित तिरका बसलाय. तिला सांगू नका, तुम्हाला दिसेलच.

तुमची,
कागदवाली