मुका खांब आणि पिठ्या ढेकूण

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या नौपाड्यातल्या इमारतीची लिफ्ट ऐन आषाढात नऊ दिवस बंद होती. मी चौथ्या मजल्यावर राहते, वय ७१, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. एकदा खाली उतरले तर परत वर कोण चढवणार, म्हणून दार लावून घेतले ते नऊ दिवस. भाजीसाठी गॅलरीतून दोरीला पिशवी सोडायची. भाजीवाला कोथिंबीर वर ठेवायचा, टोमॅटो खाली. दोनदा सांगून झाले, मग टोमॅटोचे सार केले. लिफ्टची तक्रार करायला हे पत्र नाही. ती सोसायटीच्या सभेत वेफर्स संपेपर्यंत होईलच. पत्र आहे तुमच्या रविवारच्या पुरवणीबद्दल. पण त्याआधी थोडे माझे ऐकून घ्यावे लागेल.

मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणलेली दोन पुस्तके बुधवारीच संपली. ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, आणखी चार-सहा दिवसांत ते कुठे जात नाही, अशी मनाची समजूत घातली. खालच्या मजल्यावरच्या मुलीला हाक मारून माळ्यावरचे खोके काढून घेतले. ती इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, उंच आहे आणि कामाला नाही म्हणत नाही. खोक्यात निघाले जुने दिवाळी अंक आणि बायकांची मासिके. डांबरगोळ्यांचा वास, पिवळी पाने, कडा कसरीने कुरतडलेल्या.

दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून सांगतात, आणि दर वर्षी त्यातल्या कथा-कवितांवर लेख येतात. विणकामाच्या पानाचे नाव कोणी काढत नाही. माझ्या खोक्यातल्या अंकांत मात्र सर्वांत झिजलेले पान तेच आहे. एका पानावर बाळाच्या टोपड्याची कृती. कडेला माझ्याच हातच्या पेन्सिलीच्या रेघा, चार उभ्या आणि एक आडवी, विणलेल्या ओळी मोजायला. शेवटी लिहिले आहे ‘उसवले’, त्याखाली पुन्हा रेघा. हे टोपडे मी ठाण्याहून व्हीटीला जाणाऱ्या लोकलच्या लेडीज डब्यात विणले होते. बसायला मिळाले तर भायखळ्यापर्यंत चार ओळी व्हायच्या, उभे राहावे लागले तर एकही नाही. आमच्यातली एक भेंडी चिरायची, दुसरी माझे सुटलेले टाके उचलून द्यायची. आता भाचीला दिवस गेले आहेत, बाळंतविडा हवाच. तेच टोपडे पुन्हा विणायचे ठरवले.

कृतीत लिहिले होते, ‘चारपदरी लोकर, १० नंबरच्या सुया, ८४ टाके घाला’. लोकर घरात होती. सुया मात्र गंजलेल्या, लोकरीला डाग पडला असता. खालची मुलगी म्हणाली, “आजी, थांबा, मागवते.” दुसऱ्या दिवशी दहाच्या सुया हजर. पोळपाटाशेजारी ठेवल्या तर कोणी हटकले नसते, एवढ्या जाड. माझ्या करंगळीशेजारी धरून पाहिल्या, करंगळी हरली. त्यावर १० मिलिमीटर असे छापलेले होते. जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन, १२ म्हणजे पावणेतीन. नव्या मापात आकडा वाढला की सुई जाड. हे तिला कोणी सांगितले नव्हते आणि मला सांगायचे सुचले नव्हते. त्या सुयांनी टोपडे झाले असते, पण बाळाऐवजी बाळाच्या आजोबांना.

सुया परत पाठवताना तिने हळूच एक पिशवी पुढे केली. “आजी, हा माझा हत्ती. काहीतरी चुकतंय.” क्रोशाने विणलेला, आत कापूस भरलेला, राखाडी रंगाचा हत्ती. बांधा मात्र जिराफाचा. पाय लांबच लांब आणि प्रत्येक टाक्यातून कापूस डोकावतोय. तिने वाचायची कृती एकीकडून घेतली होती आणि टाके शिकायचे चित्रफितीवरून. कृतीत होते ‘डबल क्रोशे’, आणि चित्रफितीत डबल क्रोशे दाखवले होते तसेच हिने घातले. दोघांचेही बरोबर आणि हत्ती चुकीचा! मी टाका हातात धरून पाहिला तेव्हा उलगडा झाला. कृती इंग्लंडची, चित्रफीत अमेरिकेची. इंग्लंडमध्ये ज्याला डबल म्हणतात त्याला अमेरिकेत सिंगल म्हणतात, आणि अमेरिकेतले डबल ते इंग्लंडात ट्रेबल.

आपल्याकडे हा घोळच नाही. सुई टाक्यात घातली, दोरा ओढून आणला आणि दोन्ही फेरे एकदम काढले की मुका खांब. सुईवर आधी एक वेढा घेतला आणि मग दोन-दोन करून काढले की खांब. मुका खांब बुटका आणि घट्ट, त्यातून कापूस बाहेर येत नाही. खांब उंच, त्याला फट राहते. रुमालाच्या जाळीला चांगला, हत्तीच्या पोटाला नाही. मी तिला म्हटले, “तुला मुका खांब हवा होता.” ती म्हणाली, “मुका का?” खरे सांगते, पन्नास वर्षे घालतेय, पण असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तरी नाव तिला एकदाच सांगावे लागले. रात्री साडेदहाला तिने मोबाइलवर फोटो पाठवला. एक पाय उसवून पुन्हा विणलेला, आखूड, गच्च, हत्तीचाच.

आता तुमच्या पुरवणीकडे येते. माझ्या खिडकीच्या ग्रिलमध्ये अकरा कुंड्या आहेत. गवती चहा, पानओवा, अबोली, कढीपत्ता आणि एक जास्वंद, जिला या आठवड्यात कोवळ्या शेंड्यांवर पांढरा कापूस लागला. रविवारी तुमचे बागकामाचे सदर मोठ्या आशेने उघडले. त्यात वाक्य होते, ‘मिलीबग्ज दिसल्यास इन्फेस्टेड स्टेम्स प्रून करून नीम ऑइल स्प्रे करावे.’ यात मराठी ‘दिसल्यास’, ‘करून’ आणि ‘करावे’. माझे माहेर नाशिककडचे, पिंपळगावचे. तिथे द्राक्षाच्या बागेत या किडीला पिठ्या ढेकूण म्हणतात. नावातच सगळे आले: पीठ भुरभुरल्यासारखा दिसतो आणि ढेकणासारखा चिकटून रस शोषतो. बागेत वाढल्यामुळे मला पुढचेही ठाऊक होते. आधी मुंग्यांची रांग बघायची. पिठ्या ढेकूण गोड चिकटा सोडतो, तो चाटायला मुंग्या येतात आणि त्याची राखण करतात. मुंग्यांचा बंदोबस्त केला नाही तर फवारणी वाया. मग लागलेला शेंडा कापून पिशवीत बांधून टाकायचा आणि एक लिटर पाण्यात एक चमचा कडुनिंबाचे तेल, दोन थेंब भांड्यांचा साबण घालून पानांच्या खालच्या बाजूने फवारायचे. पावसात हे धुऊन जाते, म्हणून उघडीप बघून. मला शुक्रवारी दुपारी दीड तास उघडीप मिळाली. मुंग्यांबद्दल तुमच्या सदरात एक अक्षर नव्हते.

मी काही शुद्ध मराठीचा झेंडा घेतलेली बाई नाही. गॅस, कुकर, गॅलरी, ग्रिल हे माझेच शब्द आहेत आणि ‘लिफ्ट’ला ‘उद्वाहक’ म्हणणाऱ्याला मी चहा विचारणार नाही. ज्याला शब्द नाही त्याला घ्यावा खुशाल बाहेरचा. पण इथे हातातल्या कामाने घडवलेला, नेमका शब्द पडून आहे आणि आपण त्याच्यावरून उडी मारून गोंधळाचा शब्द आणतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा तुम्ही पानभर अभिनंदन छापले होते. मी ते कापून ठेवले आहे, आणि त्याच्या मागच्या बाजूला चायनीज भेळेची कृती आहे, तीही छान होती.

तर विनंती अशी. रविवारी एक छोटी चौकट द्या, फार तर हाताच्या पंजाएवढी. एका आठवड्याला विणकामाची कृती, एका आठवड्याला कुंडीतल्या झाडाची. टाके, ओळी, खांब, साखळी, सुलट, उलट, छाटणी, चिकटा, फुटवा, सगळे आपापल्या नावाने. सुयांचा जुना नंबर आणि मिलिमीटर दोन्ही द्या, म्हणजे कोणाच्या घरी लाटणी येणार नाहीत. लिहायला माणसे मिळतील. आमच्या लेडीज डब्यातल्या बायका अजून आहेत, फक्त पेपरवाले त्यांना ‘आठवणी’ लिहायला सांगतात, कृती कोणी मागत नाही.

पहिली चौकट सोबत जोडली आहे. टोपड्याची. मोजून बघितलेली आहे. कडेला चार इंच दोन सुलट, दोन उलट, आणि वरचे टाके कमी करताना जुन्या अंकात एका ओळीत छपाईची चूक होती, ती दुरुस्त केली आहे. माझे ‘उसवले’ त्याच ओळीमुळे होते, हे इतक्या वर्षांनी कळले.

लिफ्ट परवा सुरू झाली. पुस्तके बदलून आणली.

आपली,
एक जुनी वाचक,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)

ता. क. : कृपया नाव छापू नये. ग्रिलमधल्या कुंड्या पावसाळ्याआधी काढाव्यात अशी सोसायटीची नोटीस आहे, आणि आमचे सेक्रेटरी तुमचा पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात.