ताडाला पुन्हा छेव पडावा: गोराई-मनोरीकरांचं आवाहन

सप्रेम नमस्कार.

मुंबईत असूनही गोराई-मनोरीला यायचं तर बोरिवलीहून किंवा मार्वेहून खाडी ओलांडावी लागते, नाहीतर भाईंदर-उत्तनचा वळसा. आडवाटेला पडलो म्हणूनच इथले ताड अजून उभे आहेत. त्यांवर चढून छेव देणारे, म्हणजे फुलांच्या तुऱ्याचं टोक कापून ताडीचा रस काढणारे, मात्र संपत आले. जाणत्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत. मुलांनी धंदा सोडला यात त्यांचा दोष नाही; काम जिवावरचं, विमा नाही, आणि ताडीवाला म्हटलं की लोक नाक मुरडतात.

पण हे हाताचं कसब आहे. नर ताडाचा तुरा लाकडी चिमट्याने हलके दाबत मऊ करायचा, बांधायचा आणि सकाळ-संध्याकाळ टोकाची पातळ चकती उडवायची. चकती जाड निघाली तर तुरा लवकर संपतो, छेव चुकला तर तोंड सुकून रस आटतो. पहाटे मडक्यात असतो तो गोड रस. वरून काही न घालता तो आपोआप आंबतो, दुपारी ताडी होते, पुढे शिरका. मडक्याला आतून चुना फासला तर आंबणं लांबतं आणि नीरा मिळते. मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती, म्हणजे ईस्ट इंडियन, घरांतल्या फुग्यांचं (तळलेल्या गोल पावांचं) पीठ याच ताडीने फुगायचं.

१८७८च्या अबकारी कायद्यानंतर हा धंदा सरकारी परवान्यांत आणि करांत आवळत गेला; १९४९च्या दारूबंदी कायद्यापासून ताडीला परवाना लागतोच. आम्हाला तो रीतसर काढायचा आहे. शहरात ताडीच्या नावाखाली क्लोरल हायड्रेट मिसळलेलं पाणी विकलं जातं, ते माणसाचा घात करतं. झाडाखाली सगळ्यांसमोर उतरवलेली ताडी हाच त्यावरचा उपाय, असं आमचं ठाम मत आहे.

छेव फक्त नर झाडांना देऊ. मादी झाड छेवलं की त्याला ताडगोळे धरत नाहीत, आणि उन्हाळ्यात ताडगोळ्यांवर कितीतरी बायकांचं घर चालतं. नवी रोपंही लावायची आहेत. रोप नर की मादी हे पहिला तुरा येईपर्यंत कळत नाही, त्याला बारा-पंधरा वर्षं सहज जातात. म्हणून आज उभं असलेलं एकही झाड तुटू देणं परवडणार नाही.

मदत हवी ती अशी: चढणाऱ्यांसाठी सुरक्षा पट्टे आणि अपघात विमा, शिकणाऱ्या पोरांना हंगामभर विद्यावेतन, शिकवणाऱ्या म्हाताऱ्यांना मानधन, परवान्याची फी. सगळ्यांत आधी पट्टे आणि विमा. त्याशिवाय एकाही मुलाला झाडावर चढू देणार नाही. पैसे जमत नसतील तर वेळ द्या. अबकारीचे कागद समजणारा वकील आणि जाणत्यांच्या हातांचं चित्रीकरण करून ठेवणारं कुणी, दोघंही आम्हाला तितकेच हवेत.

पावसात खोड निसरडं असतं, म्हणून शिकवणी दिवाळीनंतर सुरू होईल. मदत त्याआधी पोचावी. रोख नको, आमच्या ग्रामस्थांच्या समितीच्या नावे चेक द्यावा. पावती हातोहात मिळेल आणि जमाखर्च दर महिन्याला जेट्टीवरच्या फलकावर लागेल.

आपले,
गोराई-मनोरीचे ग्रामस्थ