ते चुंबक अजून माझ्याकडेच आहे

इंदूर,
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय सुऱ्या,

दीड वर्षानंतर एकदम पत्र बघून तू म्हणशील, दिल्याचा फोन मोडला वाटतं. फोन शाबूत आहे. पण फोनवर तू मध्ये बोलतोस आणि हे मला न अडखळता सांगायचंय. आम्ही बरे आहोत. माझी साखर होती तिथेच आहे, शुभाचा आखडलेला खांदा सुटला. झालं प्रकृतीचं.

आता ऐक. चौऱ्याऐंशीच्या गणपतीत तू मंडळाचा स्पीकर जाळला होतास. (हो, तूच. ॲम्प्लिफायर कितीचा आणि स्पीकर कितीचा हे न बघता जोडणारा तू.) तो फोडून आतलं काळं कंकणासारखं चुंबक मी घेतलं आणि कॉइल तुला दिली, त्यावरून आपण चार दिवस बोलत नव्हतो. ते चुंबक गौरी गेल्या त्या रात्री मी आईच्या छातीवर, पेसमेकरच्या डबीवर ठेवलं.

तू आत्ता काय विचारणार ते मला माहीत आहे: किती अंतरावर? शुभाला सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, तुम्हाला वेड लागलंय का. म्हणून पत्र तुला.

झालं असं की गच्चीच्या चौदा पायऱ्यांत आई सातव्या पायरीला थांबायला लागली. सगळे म्हणाले, शहाऐंशी पूर्ण झाली, आता एवढं चालायचंच. मी सहज नाडी धरली. पासष्ट. चहा पिऊन बसल्यावर, पासष्ट. पुन्हा गच्चीवर जाऊन धापा टाकत खाली आली, तरी पासष्ट. सुऱ्या, ही माणसाची नाडी नव्हे, हे भिंतीवरचं क्वार्ट्झ घड्याळ झालं.

पूर्वी असं नव्हतं. आईच्या डबीत हालचाल ओळखणारा सेन्सर आहे. तू एअरबॅगसाठी ज्यांच्या मागे वीस वर्षं घालवलीस, त्यांचाच तो भाऊबंद. माणूस चालायला लागला की तो ठोके वाढवतो. पण त्या बिचाऱ्याला कळते फक्त हालचाल, श्रम नाही. त्यामुळे आई रिक्षात नुसती बसलेली असली आणि रस्ता खोदलेला असला, की हृदय पळायला लागायचं. आणि जिना एकेक पाय टेकत चढली, तर याला वाटायचं बाई स्वस्थ आहेत. मी एकदा तिला म्हटलं, तुझ्यात आणि मारुतीत एकच पार्ट आहे. ती म्हणाली, मग माझंही पासिंग करून आण.

तर तो सेन्सर गप्प झाला होता. आईच्या मॉडेलची पुस्तिका मी २०१४ पासून जपून ठेवलीय. बॅटरी सरत आली की ती डबी आपणहून काटकसर सुरू करते. हृदयाच्या वरच्या कप्प्याशी ताळमेळ बंद, चालण्याबरोबर ठोके वाढवणं बंद, नुसता पासष्टचा ठेका. खात्री करायची तर वर चुंबक धरायचं. बॅटरी ठणठणीत असेल तर पंच्याऐंशी, उतरली असेल तर पासष्ट. हे आकडे कंपनीगणिक वेगळे असतात, आईच्या डबीचे हे.

रात्री झिरोच्या बल्बच्या उजेडात मी चुंबक टेकवलं आणि मनगट धरून घड्याळाकडे बघत बसलो. आई म्हणाली, "काय रे ते गार?" म्हटलं, बाम आहे. "बाम असा वाटोळा असतो?" मी मोजतोय. अर्ध्या मिनिटात बत्तीस. पुन्हा मोजले, तेहतीस.

गाढवपणा होता, कबूल. चुंबक असेपर्यंत ती डबी आंधळी असते. हृदयाचा स्वतःचा ठोका येतोय की नाही ते न बघता आपलं मारत सुटते, आणि एखादा ठोका भलत्या क्षणी पडला तर लय बिघडू शकते. डॉक्टर समोर ईसीजी चालू ठेवून हे करतात. मी जळक्या स्पीकरच्या चुंबकानं केलं.

पण तुला लिहायला बसलो ते त्या रात्रीसाठी नव्हे. पुढे आठ दिवस मी कोणाला बोललो नाही, त्यासाठी. बॅटरी उतरल्याच्या या इशाऱ्यानंतर पूर्ण बंद पडेपर्यंत साधारण तीन महिने मिळतात. आणि तो इशारा कधी सुरू झाला ते मला ठाऊक नव्हतं. तरी मी आरत्या म्हणत होतो, मोदक खात होतो, विसर्जनाला राजवाड्यापर्यंत चालत गेलो.

कारण तुला माहीत आहे. तुझ्या अण्णांच्या वेळी दवाखान्याच्या जिन्यात, तुझ्या मामांसमोर, मी तुला म्हणालो होतो की "बॅटरी संपली तर बदलायची, यात विचार कसला करतोस?" त्याच्या पुढचं वाक्य लिहीत नाही. तुलाही पाठ असेल.

शेवटी दहा तारखेला नेलं. साबणाच्या वडीएवढं एक यंत्र छातीवर टेकवलं आणि पडद्यावर अकरा वर्षांचा हिशेब आला. तू असतास तर डॉक्टरांना बाजूला सारून बसला असतास. बॅटरीचा आतला रोध वाढत गेलेला स्पष्ट दिसत होता. लिथियम आणि आयोडीन यांच्यामध्ये लिथियम आयोडाइडचा थर जमत जातो, तोच विभाजक आणि तोच शेवटी अडसर. त्यामुळे ही बॅटरी एकदम दगा देत नाही, महिनोन् महिने आधी सांगते. आपल्या रस्त्यावरच्या एलईडी दिव्यांना एवढी जनाची लाज असती तर! तिथे दिवा चांगला असतो आणि त्याला वीज देणाऱ्या ड्रायव्हर-सर्किटमधला एक कपॅसिटर आधी मरतो.

मग त्यांनी आईचं स्वतःचं हृदय किती चालतं ते बघायला यंत्राचे ठोके हळूहळू उतरवले. साठ, पन्नास, चाळीस. तिशीच्या खाली आकडा गेला आणि आई म्हणाली, "दिवे गेले काय रे?" त्यांनी पटकन वर घेतलं. ट्यूबलाइट अर्थातच चालू होती.

तेव्हा प्रश्न असा आहे बघ. हृदयात गेलेल्या तारा जुन्याच ठेवायच्या, फक्त डबी बदलायची, जागा बधिर करून तासाभराचं काम. पण दुसऱ्यांदा तीच जागा उघडली की जंतुसंसर्गाचा धोका पहिल्यापेक्षा जास्त. मांडीतल्या शिरेतून थेट हृदयात सोडायची कॅप्सूलही निघाली आहे, तिला ताराच नाहीत. पण आईला त्याची गरज नाही म्हणाले. ताई नागपूरहून सांगते, या वयात चिरफाड कशाला. शुभाची काकू म्हणते, पितृपक्षात नको. आणि आई म्हणते, "नव्याची गॅरंटी किती?" दहा वर्षं म्हटलं तर हिशेब करून म्हणाली, "म्हणजे मी शहाण्णव आणि तू एकाहत्तर. तुला कोण बघणार? त्यापेक्षा तीन-चार वर्षांची, वापरलेली मिळते का विचार."

मी तिला स्वीडनच्या आर्ने लार्सनची गोष्ट सांगितली. १९५८ साली शरीरात पहिला पेसमेकर बसवला तो त्याला. एल्मक्विस्ट नावाच्या इंजिनिअरनं बूटपॉलिशच्या डबीत रेझिन ओतून तो बनवला होता आणि तो काही तासांत बंद पडला. पुढे त्या गड्यानं आयुष्यात सव्वीस बदलले, २००१ मध्ये गेला तो कर्करोगानं, आणि बनवणारा व बसवणारा दोघेही त्याच्या आधी गेले. गेला तेव्हा वय शहाऐंशी. आई सगळं ऐकून म्हणाली, "सव्वीस? त्याला दुसरा कामधंदा नव्हता?"

पिथमपूरला श्री पेसट्रॉनिक्समध्ये पेसमेकर बनतात हे ऐकून मात्र तिला बरं वाटलं. म्हणाली, आपल्या धारच्या वाटेवरचं आहे म्हणजे काही अडलं तर जाऊन भांडता येईल. तिच्या छातीत आहे तो दुसऱ्याच कंपनीचा, हे मी बोललो नाही.

आणि हो, तो अमेरिकन इंजिनिअर ग्रेटबॅच! तुझं दैवत. हृदयाचे आवाज नोंदवायचं सर्किट करताना त्यानं दहा किलोओहमऐवजी एक मेगाओहमचा रेझिस्टर लावला. तपकिरी-काळा-नारिंगी पट्ट्यांचा हवा होता, हातात आला तपकिरी-काळा-हिरवा. सर्किट सेकंदाला एक ठोका द्यायला लागलं आणि तो बघतच राहिला. तूही 'जीएस' कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिसऱ्या वर्षी नेमकी हीच चूक केली होतीस आणि आपला ॲम्प्लिफायर टक्, टक् करत बसला. त्यानं पेसमेकर काढला, तुला मिळाला झीरो. सरांना मी चूक कोणाची ते सांगितलं नाही, हे उपकार अजून फिटलेले नाहीत.

दवाखान्यातून येताना आईनं रिक्षात माझा हात धरला आणि बाहेर बघत विचारलं, "तुझं चुंबक हेच म्हणालं होतं ना?" म्हणजे तीही आठ दिवस गप्प होती. मी हो म्हटलं. मग ती दूध संपलंय, घेऊन जाऊ, असं काहीतरी बोलली.

चोवीस तारीख दिलीय. ती 'नाही' म्हणालेली नाही आणि 'हो'ही म्हणालेली नाही. मी विचारलं की विषय बदलते. तिला उचलून नेऊन टेबलावर ठेवता येणार नाही हे मला कळतं, आणि पडद्यावर तो तीसच्या खालचा आकडाही दिसत राहतो. म्हणून तुला विचारतो. अण्णा त्या रात्री तुला नेमकं काय म्हणाले होते? आणि तू त्यांना काय विचारलं होतंस? तेव्हा मी ऐकूनच घेतलं नाही. तू गप्प बसलास, ते मी कबुली समजलो. चुकलो. आता सांग. फोनवर सांगितलंस तरी चालेल, मी मध्ये बोलणार नाही.

मिनूच्या नोकरीचं कळलं, फार आनंद झाला. वहिनींनी गुडघा करून घेतला का? तुमच्या सोसायटीच्या पाण्याचं काय झालं? अण्णांची तिथी याच आठवड्यात ना? शुभा पान ठेवणार आहे.

फोन आठनंतर कर, आई तेव्हा मालिका बघत असते. तरी हळू बोल. कान मात्र तिचे बिनबॅटरीचे आहेत.

तुझा,
दिल्या

ता. क. : झगझगीत निळा एलईडी आपल्या हयातीत येणार नाही अशी पैज तू शहाऐंशीत लावली होतीस. जपानच्या नाकामुरानं तो १९९३ मध्ये केला, २०१४ मध्ये त्यावर नोबेलही झालं, तुझा दहीवडा अजून यायचाय. येशील तेव्हा सराफ्यात रात्री दहानंतरच जायचं. आई म्हणते, ती पण येणार.