मागच्या सीटवरून विचारलेले प्रश्न

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

यजमानांच्या डोळ्यांच्या उपचारांसाठी सध्या आमचं मुलुंडहून परळला सतत जाणं-येणं असतं, आणि ते बहुतेक वेळा ॲपवरून बोलावलेल्या टॅक्सीनं. सोबत कधी दीर असतात, कधी नणंद, कधी शेजारचे काका. सगळी भली माणसं. पण गाडी पूर्व द्रुतगती मार्गाला लागली की त्यांतलं कोणीतरी पुढे वाकून विचारतंच, "काय हो, महिन्याला सुटतात किती?" त्यानंतर गाव, त्यानंतर आडनाव. या प्रश्नांबद्दलच मला लिहायचं आहे.

माझे वडील मुंबईत काळी-पिवळी चालवायचे. गाडी मालकाची, वडील शिफ्टवर. मालकाचे रोजचे पैसे आणि पेट्रोल वजा जाऊन जे उरेल ते आपलं. २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमच्या गेल्या, तेव्हा वर्तमानपत्रांत आठवणींचे लेख येत होते आणि त्यांत गप्पिष्ट टॅक्सीवाला हटकून असायचा. वडील होतेच तसे. मात्र नको तो विषय निघाला की "बघू या" एवढंच म्हणून ते समोर रस्त्याकडे बघायचे. भाडं उतरलं, मीटरप्रमाणे पैसे हातात पडले, की विषय संपला. त्या माणसाला राग आला असेल तर तो त्याच्यापाशी.

आता तसं राहिलेलं नाही. उतरल्यावर आपल्या फोनवर पाच चांदण्या येतात. आपण त्या चालता चालता दाबतो आणि विसरतो. चालकाच्या डोक्यात मात्र त्या दिवसभर असतात, कारण रेटिंग घसरलं, तक्रार गेली, की आयडी बंद होण्याची धास्ती. म्हणून आपण काहीही विचारलं तरी तो उत्तर देतो, हसतो, "हो साहेब" म्हणतो. त्याला आवडलं म्हणून बोलतो आहे, असा अर्थ त्यातून काढू नये. चालत्या गाडीतून तो उठून जाऊ शकत नाही, गप्प बसायचीही त्याला भीती. म्हणून काय विचारू नये याची जबाबदारी मागे बसणाऱ्याची आहे, असं माझं ठाम मत आहे.

कमाईचा प्रश्न आपण बँकेतल्या माणसाला विचारत नाही, डॉक्टरला तर नाहीच नाही. इथे का विचारावा? कंपनीचं कमिशन, सीएनजी, गाडीचा हप्ता, हे सगळं जाऊन काय उरतं ते तो कदाचित घरीसुद्धा पूर्ण सांगत नसेल.

आडनावाचा प्रश्न मला त्याहून लागतो. ॲपवर नाव, फोटो, गाडीचा नंबर आधीच दिसतो. तरी मध्यंतरी दादरहून लग्न आटोपून परतताना आमच्याच नात्यातल्या एका गृहस्थांनी विचारलं, "आडनावावरून अंदाज येत नाही, कोणते तुम्ही?" चालक मुलगा पंचविशीचा असेल. तो म्हणाला, "नांदेडकडचे, काका," आणि हात पुढे करून एसी वाढवला. गृहस्थांनी पुन्हा विचारलं, "हो, पण नांदेडकडचे कोणते?" तेव्हा मी सायनपासूनचं सगळं ट्रॅफिक विचारायला घेतलं. ओळख काढायची आपली जुनी खोड आहे, हे मला कळतं. गावाहून गाव निघतं, सोयरीक निघते, कधी आनंदही होतो. पण "कोणते" या प्रश्नाचं उत्तर दिल्यावर आपल्याकडे काही लोकांचा सूर बदलतो, हे त्या मुलानं आधी अनुभवलेलं असणार. नाव मुसलमानी दिसलं की निवडणुकीच्या, दंगलीच्या गोष्टी काढणारेही मी ऐकले आहेत. त्या माणसानं गाडी चालवता चालवता कशाकशाचा खुलासा द्यायचा?

एकारांती हाक मारणंही थांबवायला हवं. वडिलांच्या वयाच्या माणसाला विशीतली मुलं "ए, इथे डावीकडे घे" म्हणतात. दादा, भाऊ, काका, यांना काही पैसे पडत नाहीत. मी बोलायला सुरुवात मराठीतच करते. समोरच्याला जेवढं जमतं तेवढं तो बोलतो, पुढचं हिंदीत. कोणाची परीक्षा घ्यायची मला गरज वाटत नाही.

फोनवर बोलतानाही भान असावं. "ड्रायव्हर जरा मंदच आहे," असं इंग्रजीत सांगितलं म्हणून त्याला कळत नाही, असं कोणी समजू नये.

गप्प बसणं उद्धटपणाचं आहे, असंही मला वाटत नाही. बसताना नमस्कार, ओटीपी, उतरताना "सावकाश जा", एवढं पुरे. केंद्र सरकारच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये चालकानं दिवसात जास्तीत जास्त बारा तास लॉगिन राहावं असं म्हटलं होतं. म्हणजे मर्यादा पाळूनही तो बारा तास रस्त्यावर. तेच प्रश्न सकाळपासून कितवे, कोण जाणे. अमेरिकेत उबरनं २०१९ मध्ये महागड्या गाड्यांसाठी 'शांतता हवी' असा पर्याय ॲपमध्ये दिला. निवडायचा प्रवाशानं. चालकाचं डोकं दुखत असेल तर त्याला मात्र तसं काही निवडता येत नव्हतं.

बोलायचंच असेल तर रस्त्याचं बोलावं. "पुलावरून बरं पडेल की खालून?" असं विचारलं की चालक खुलतो, कारण तिथे जाणकार तो असतो. त्याला नको असेल तर एका शब्दात उत्तर देता येतं, आणि त्यानं तसं दिलं की पुढे विचारू नये. आणखी एक गोष्ट मी नेहमी सांगते, "वाटेत पंपावर थांबायचं असेल तर थांबा, आम्हाला घाई नाही." तासन्‌तास गाडीत बसणाऱ्या माणसाला मुंबईत लघवीला जायची धड सोय नाही. हे वडिलांच्या वेळीही होतं. ते दिवसभर पाणी कमी प्यायचे आणि पुढे त्याचा त्रास त्यांनी बराच सोसला.

माझी मुलगी ऐरोलीत नोकरी करते, कधी कधी रात्री उशिरा एकटी येते. तिला मी यातलं काहीच सांगत नाही. "एकट्याच राहता का?", "रोज इतका उशीर होतो?" असं चालकानं विचारलं की ती फोन कानाला लावून माझ्याशी बोलत असल्याचं भासवते, आणि ते योग्यच आहे. तिथे भीती मागच्या सीटवर असते आणि जपून बोलायची पाळी पुढच्याची. सरळ वागणारे चालक हे जाणतात. अशा वेळी ते नकाशा लावून मुकाट गाडी चालवतात.

आपल्या दैनिकात टॅक्सी-रिक्षाबद्दल प्रवाशांच्या तक्रारी नेहमी छापून येतात आणि त्या यायलाच हव्यात. त्याच जागेत चालकांचीही पत्रं मागवावीत, ही विनंती. कोणता प्रश्न नकोसा होतो, कोणता बरा वाटतो, हे त्यांनीच लिहावं. नाव छापू नका, गाडीचा नंबर तर नकोच. ज्यांना लिहायला सवड नाही त्यांच्यासाठी आपल्या वार्ताहरानं एखाद्या सीएनजी पंपाच्या रांगेत उभं राहून विचारलं तरी चालेल. तिथे ते तसेही तासभर थांबलेले असतात, आणि मागे प्रवासी नसतो.

आपली,
एक नियमित वाचक,
मुलुंड (पूर्व)