हवेवर चालणाऱ्या डायफ्राम पंपांबाबत सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या शनिवारी सायंकाळी 5 वाजता शिरोली औद्योगिक वसाहतीतील आपल्या गटाच्या कार्यालयात डायफ्राम पंप (हवेच्या दाबाने लवचिक पडदा, म्हणजे डायफ्राम, हलवून द्रव ओढणारा पंप) प्रत्यक्ष खोलून-जोडून दाखविला जाणार असून, प्रत्येक कारखान्याने पंप हाताळणारा किमान एक कामगार अवश्य पाठवावा. नुसत्या मालकांनी येऊन उपयोग नाही.

तोपर्यंत पुढील नियम पाळावेत.

1. पंप खोलण्यापूर्वी हवेचा व्हॉल्व्ह बंद करून नळी सोडवावी आणि डिलिव्हरीकडील (द्रव बाहेर पडण्याच्या बाजूचा) दाबही उतरवावा, कारण हवा बंद केली तरी द्रव दाबाखाली राहू शकतो.
2. थिनर किंवा स्पिरिटमधील मोल्ड कोटिंग (साच्याला लावायचा लेप) ओढताना पंप व डबा दोन्हींना अर्थिंग द्यावे. क्लोरीनयुक्त द्रावकांसाठी ॲल्युमिनियमचा पंप मुळीच वापरू नये.
3. हवेचा दाब पंपाच्या पाटीवरील मर्यादेपलीकडे नेऊ नये.

सायलेन्सरमधून (पंपातील हवा बाहेर पडते तेथील आवाज कमी करणारा भाग) हवेबरोबर द्रवाचे थेंब उडू लागल्यास डायफ्राम फाटला असे समजून पंप तत्काळ थांबवावा. सायलेन्सरवर बर्फ धरणे ही गोष्ट वेगळी; बाहेर पडणारी हवा प्रसरण पावून थंड होते व तिच्यातील ओलावा गोठतो, म्हणून पंपाला येणाऱ्या हवेच्या फिल्टरच्या वाटीतील पाणी रोज काढावे.

येताना पंपाचा मॉडेल क्रमांक लिहून आणावा.