कुठला पूल?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला स्वमग्न प्रौढांच्या कल्पनाशक्तीवरचा लेख वाचला. दोनदा वाचावा लागला. पहिल्या परिच्छेदात आम्हाला कल्पनाशक्तीच नसते, आणि शेवटाकडे येईतो आम्ही सगळे चित्रांतूनच विचार करतो! लेखकमहाशयांनी एक काय ते ठरवायचं होतं.

मी ४३ वर्षांचा. ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं, निदान चाळिशीत झालं. तेव्हा प्रश्नावली भरून घेणाऱ्या मॅडमनी विचारलं, गोष्ट वाचताना पात्रं डोळ्यांपुढे येतात का? मी विचारलं, "कुठल्या गोष्टीतली?" त्यांनी काहीतरी खरडलं. मग म्हणाल्या, "बरं, एक पूल डोळ्यांसमोर आणा." मी म्हटलं, "कुठला पूल?" पुन्हा खरडलं. अहवालात आलं, 'कल्पनाशक्ती मर्यादित'.

अहो, नुसता पूल मला दिसतच नाही. पूल म्हटलं की एल्फिन्स्टनचा येतो, परळच्या बाजूने चढताना दिसायचा तसा, ओल्या छत्र्यांच्या गर्दीसकट. त्याच्या मागोमाग दादरचा टिळक पूल, मग करी रोडचा. रांगच लागते. एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५मध्ये बंद करून पाडायला घेतला. माझ्या डोक्यात त्यावरून बेस्टची बस अजून जाते. हे मर्यादित असेल तर असो बापडं.

आता माझं असं म्हणून सगळ्यांचंच असं, हेही खोटं. आमच्या ओळखीतल्या एक ऑटिस्टिक ताई डोळे मिटून आईचा चेहराही आणू शकत नाहीत. या प्रकाराला अफँटेशिया हे नाव २०१५मध्ये ॲडम झेमन या मेंदूतज्ज्ञांनी दिलं. ताई कथा लिहितात, बऱ्या लिहितात. तुमच्या लेखकांनी टेम्पल ग्रँडिन या ऑटिस्टिक लेखिकाबाईंचा दाखला दिलाय. सगळे ऑटिस्टिक आपल्यासारखेच चित्रांतून विचार करतात असं १९९५च्या पुस्तकाच्या वेळी वाटत होतं, ते चुकलं, असं बाईंनीच पुढे लिहिलंय. तेवढं पुढचं वाचायचं राहिलं वाटतं.

आणि प्रौढांवरच्या लेखाला खिडकीत बसलेल्या पाच वर्षांच्या पोराचा फोटो कशाला? आम्ही मोठे होतो. आयकरही भरतो.

ता. क. : शब्दकोडं न सांगता सहाव्या पानावरून अकराव्यावर नेलंत. यावर ऑटिस्टिक नसलेले माझे वडीलही चिडलेत.

— एक वाचक, परळ